एक्स-रेच्या फिल्मवरची आक्का

लेकरांनो,

परवा घरच्या ग्रुपवर आक्काआजींचा फोटो आला आणि तुम्ही दोघांनीही त्याखाली लाल बदाम पाठवलेत. धाकटीने इंग्रजीत लिहिलं, किती सुंदर दिसायच्या त्या. यात तुमची काही चूक नाही. तुम्ही त्यांना एकदाच पाहिलंय, आणि तेव्हा तुमचं सगळं लक्ष त्यांच्या अंगणातल्या शेळीच्या पिल्लाकडे होतं. पण त्या फोटोतली बाई आक्का नाही. तुमचे बदाम भलत्याच बाईला गेले. हे मी आता सांगितलं नाही तर तुम्हाला कोणी सांगणार नाही. तुमचे आजोबा या विषयावर तोंड उघडत नाहीत आणि गावातल्या लोकांना तो फोटो आवडला आहे.

आयुष्यभर मी इंग्रजी शिकवलं. तुमच्या सोयीसाठी हे इंग्रजीत लिहावं म्हणून एक पान लिहूनही पाहिलं. पण आक्का बोलायला लागल्या की वाक्यं कोणा दुसऱ्याच बाईची वाटायची. भलती बाई या घरात एक झाली आहे, दुसरी नको. म्हणून मराठीत लिहिते. अडेल तिथे आईला विचारा. मी सगळं क्रमाने सांगणार आहे, कारण मला दुसऱ्या रीतीने सांगता येत नाही.

आक्का म्हणजे तुमच्या आजोबांची थोरली बहीण. आई लवकर गेल्यावर आजोबांना त्यांनीच वाढवलं. येलदरीचं धरण बांधत होते तेव्हा आक्का परकरातली पोर होत्या आणि डोक्यावरून मातीच्या टोपल्या वाहत होत्या. त्या मजुरीतून आजोबा शाळेत गेले. आक्का गेल्या नाहीत.

त्या कामावर एक दिवस शहरातून वर्तमानपत्राचा फोटोग्राफर आला. त्याच्याकडे मोठा पेटीसारखा कॅमेरा होता, समोर भात्यासारखी घडी आणि बाजूला चकचकीत वाटीत बसवलेला बल्ब. आजोबा तेव्हा इतके लहान होते की त्यांना आठवतो तो फक्त बल्बचा लखलखाट, आणि जळलेला बल्ब उचलायला गेल्यावर पोळलेली बोटं. आक्कांना बाकीचंही आठवायचं. त्या ते विनोदासारखं सांगायच्या.

"मला म्हनला, तू हिकडं ये, टोपली घे डोस्क्यावर आन् मान ताठ धर. धरली. तो पेटीत काईतरी सारायलाय, काढायलाय, सारायलाय. मान आखडून गेली माझी. मग मोठे साहेब लोक आले. तर मला म्हनला, ए, सर बाजूला. झाली माझी तसबीर!"

फोटोला त्या तसबीरच म्हणायच्या. या गोष्टीवर सगळे हसायचे, आजोबा सोडून.

आक्कांचा पुढे कधी फोटो निघाला नाही असं नाही. रेशन कार्डावर निघाला, आधार कार्डावर निघाला. त्या फोटोंत माणूस कसा दिसतो ते तुम्हाला माहीत नाही. पोलिसांनी आत्ताच दार वाजवल्यासारखा दिसतो. आणि आमच्याकडे माणूस गेला की तोच फोटो घेऊन लोक स्टुडिओत जातात. पुण्यानुमोदनाच्या दिवशी तो मोठा करून, हार घालून, मेणबत्त्यांमागे ठेवायचा असतो. नंतर तो कायमचा भिंतीवर जातो. स्टुडिओवाला त्यातलं फक्त मुंडकं घेतो आणि तयार धडावर बसवतो. पुरुषाला कोट आणि टाय, बाईला जरीचं लुगडं आणि गळाभर दागिने. आजोबांचे थोरले भाऊ वारले तेव्हा त्यांनाही निळा कोट चढवला होता. जन्मभर ते बंडीत वावरले. मुंडकं जरा वाकडं बसलं होतं आणि गळ्याशी टायच्या गाठीवर एक पांढरी फट राहिली होती.

आजोबा त्या फोटोसमोर बराच वेळ उभे राहिले. घरी येताना म्हणाले, "आक्काचं असं होऊ द्यायचं नाही. तिचा फोटो मी काढणार. ती जिवंत असताना, तिच्या स्वतःच्या लुगड्यात. आणि त्याच कॅमेऱ्याने काढणार."

"कोणत्या कॅमेऱ्याने?"

"ज्याच्यापुढून तिला हटवलं, त्या जातीच्या कॅमेऱ्याने."

मी म्हणाले, तुमच्या फोनमध्ये चांगला कॅमेरा आहे. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्यांच्या थोरल्या भावाला पुन्हा कोट घातला. खरं सांगायचं तर आक्कांचा एक चांगला फोटो भिंतीवर असावा, हे मलाही वाटत होतं. ते मिळवायला हा लांबचा रस्ता कशाला, एवढंच माझं म्हणणं होतं, आणि ते अजूनही आहे.

आजोबा मास्तरकीतून निवृत्त होऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. रिकामा आणि हट्टी माणूस काय करील सांगता येत नाही. महिनाभर फोनवर जुन्या कॅमेऱ्यांची चित्रं बघणं चाललं होतं. मग एक दिवस आम्ही परभणीहून गाडीत बसलो आणि हैदराबादला उतरलो. जुन्या बाजारातल्या एका अंधाऱ्या दुकानात भिंतीवरची घड्याळं, ग्रामोफोनचे कर्णे आणि पितळी दिवे यांच्यामध्ये तो होता. लग्नातल्या मिठाईच्या मोठ्या डब्याएवढी काळी पेटी, चामडं कोपऱ्यांवर सोललेलं. समोरचं झाकण खाली पाडलं की फळी होते आणि तिच्या रुळांवरून भिंग पुढे ओढायचं, मागे भाता उलगडत येतो. आजोबांनी ते केलं आणि त्यांचा चेहरा पाहून दुकानदाराला कळलं की हा आता घासाघीस करणार नाही.

"याच्या बाजूला फ्लॅशचा दांडा असतो," आजोबा म्हणाले. "तो कुठंय?"

"वो तो कब का बिक गया साब. बाहर के लोगां आते, खाली डंडा लेके जाते. पिच्चर की तलवार बनाते बोलके."

"तलवार?"

"हौ. लाइट वाली तलवार. कॅमेरा किसे होना? आपइच पहले आए."

मी हळूच म्हणाले, "ज्याचा दांडा काढून घेऊन बाकीचं लोक टाकून जातात, ते आपण घ्यायचं?"

"दांडा नकोच आहे. उजेड पडला की आक्का डोळे मिटते."

दुकानदाराने बॅटरी भात्यात घालून दाखवली. भात्याच्या घड्यांवर चांदण्यासारखी भोकं दिसत होती. त्यालाही आजोबांकडे उत्तर होतं. घरी आल्यावर त्यांनी प्रत्येक भोकावर आतून काळं कापड चिकटवलं, आणि माझ्या काळ्या शालीचा एक तुकडा त्या कामी गेला. उरलेली शाल डोक्यावरून घ्यायला लागली, कारण या कॅमेऱ्याच्या पाठीला एक दुधी काच असते आणि तिच्यावरचं चित्र काळोखातच दिसतं. ते दिसतं उलटं, डोकं खाली पाय वर. ते नीट धारदार झालं की काचेच्या जागी लाकडी चौकट सरकवायची. तिच्यात फिल्मचा एकच तुकडा असतो, तळहाताएवढा. एक तुकडा, एक फोटो.

फिल्म हा खरा प्रश्न होता. तसली फिल्म आता परभणीत कोणी पाहिलेलीही नाही. मुंबईहून मागवायची तर आजोबांना शिकताना दहा-वीस तुकडे वाया घालवायचे होते आणि ते परवडण्यातलं नव्हतं. मग त्यांना कुठेतरी कळलं की लोक एक्स-रेची फिल्म कापून वापरतात. जिंतूरच्या एका डॉक्टरांचं यंत्र नवं, कॉम्प्युटरवालं आलं होतं आणि जुन्या फिल्मची पेटी त्यांच्या माळ्यावर पडून होती. त्यांनी ती आनंदाने दिली. अडगळ गेली त्यांची.

आमचं न्हाणीघर त्या दिवसापासून लाल झालं. खिडकीला पोतं, दाराला गोधडी, वर लाल झिरोचा बल्ब. तिथे आजोबा मोठ्या फिल्मचे तुकडे कापायचे, आणि आंघोळीसाठी मला वेळ मागून घ्यावी लागायची. कॅमेऱ्याबद्दल, फिल्मबद्दल जे काही इंग्रजीत होतं ते वाचून सांगण्याचं काम माझं होतं. मी ते नीट केलं. छापून काढलं, खुणा केल्या, वाचून दाखवलं. त्यात एक गोष्ट होती जी मी दोनदा वाचून दाखवली.

"हे बघा," मी म्हणाले, "या फिल्मला तांबडा रंग दिसत नाही. म्हणून तर ती लाल दिव्यात चालते. तांबडं, तपकिरी, सगळं काळं येणार. आणि निळं येणार पांढरं."

"मग?"

"मग आक्का आहेत त्याच्यापेक्षा कितीतरी काळ्या येतील."

"येऊ देत," आजोबा म्हणाले. "काळं असण्यात लाज कसली? आयुष्यभर स्टेजवरून मी हेच सांगत आलो."

"तुम्ही सांगत आलात. आक्कांना विचारलंय का?"

"तिला काय विचारायचं? ती माझी आक्का आहे."

हे वाक्य मी जन्मभर ऐकलं आहे. वेगवेगळ्या पुरुषांनी वेगवेगळ्या बायकांबद्दल म्हटलेलं. ते नेहमी प्रेमानेच म्हटलेलं असतं.

निळ्याचा भाग मात्र मी सोडून दिला नाही. आक्कांकडे एक निळं लुगडं होतं, विहारात कार्यक्रम असला की नेसायचं. त्या तेच नेसून येणार हे मला माहीत होतं. म्हणून मी फोन करून सांगितलं की फोटोला हिरवं नेसून या. आक्का एसटीतून उतरल्या त्या निळ्या लुगड्यातच.

"हिरवं कामून म्हनं?" रिक्षातून उतरता उतरता त्यांनी विचारलं. "भिंतीवर लावायची तसबीर हाय. निळ्यातच काढायची. तुमी शिकलेल्या बाया कायबी सांगता."

मी फिल्मचं सांगायला लागले. त्यांनी हात झटकला. "ते बापूला कळतंय." बापू म्हणजे तुमचे आजोबा.

त्या सकाळी गल्लीतल्या सगळ्या बायका आमच्या अंगणात होत्या. आजोबा भिंतीच्या सावलीत खुर्ची ठेवून, तिथे स्वतः बसून आक्कांना म्हणाले, "आधी तू काचेत बघ. तुला कळेल मी काय करतो ते." आक्का शालीखाली शिरल्या आणि आतून ओरडल्या.

"अगं बया! बापू तर उलटा टांगलाय!"

बायका हसायला लागल्या. शेजारीण म्हणाली, "आक्का, रक्त उतरंल की डोस्क्यात त्यांच्या."

"डोस्क्यात जागा लय हाय. उतरू दे."

मग एकेक बाई शालीखाली जाऊन आजोबांना उलटं बघून आली. त्या तासाभरात अंगणात जेवढं हसणं झालं तेवढं या घरात पुढे झालं नाही.

आक्का खुर्चीत बसल्या. आजोबांनी त्यांना हलू नको म्हणून बजावलं, कारण ही फिल्म मंद असते, भिंगाची झाप थोडा वेळ उघडी ठेवावी लागते. आक्कांनी मान अशी ताठ धरली की गळ्याच्या शिरा दिसायला लागल्या. आजोबा शालीखालून म्हणाले, "आक्का, मान सैल सोड."

"न्हाई. धरली ती धरली. आज सर बाजूला म्हनणारा कोनी न्हाई."

आजोबांनी बाहेर येऊन डोळे पुसले. मी ते पाहिलं. तो फोटो निघाला तेव्हा कोणाच्याही मनात काही वाकडं नव्हतं, हे मी मुद्दाम लिहून ठेवते. पुढचं सगळं त्याच एका तुकड्यातून निघालं.

जेवणं होईपर्यंत न्हाणीघरात फिल्म धुऊन झाली आणि आजोबांनी ती चिमट्याने दोरीवर लावली. आक्का हात धुवायला गेल्या आणि तिच्यापुढे थांबल्या. धुतलेली फिल्म उलटी असते, काळं तिथे उजळ आणि उजळ तिथे काळं. त्यात आक्कांचा चेहरा स्वच्छ, फिकट दिसत होता.

"हे बरं हाय की गं," त्या मला म्हणाल्या. "गोरी आलेय मी. लुगडं तेवढं काळं झालं. त्याला काय, रंग भरतील."

मी आजोबांकडे पाहिलं. ते म्हणाले, "आक्का, हे उलटं आहे. खरं चित्र कागदावर येईल." एखाद्याने उत्साहात सांगावं तसं सांगितलं त्यांनी.

कागदावरचं खरं चित्र संध्याकाळच्या चहाबरोबर आलं. फोटो म्हणून तो उत्तम होता, हे मी आजही नाकारत नाही. हनुवटीवरचं गोंदण, कपाळावरची एकेक आठी, कानाच्या पाळीचं ओघळलेलं भोक, सगळं सुईने कोरल्यासारखं. पण चेहरा तव्याच्या बुडासारखा काळा. त्यात डोळ्यांतलं पांढरं तेवढं उठून दिसणारं, आणि अंगावर पांढरंफटक लुगडं, काठसुद्धा नसलेलं.

आक्कांनी फोटो लांब धरला, जवळ धरला.

"ही कोन?"

"तू आहेस, आक्का."

"माझं निळं लुगडं कुठं हाय?"

"तेच आहे ते. या फिल्मवर निळं पांढरं येतं."

"कफन नेसवल्यावानी दिसायलंय." त्यांनी कागदावर बोट फिरवलं. "आन् तोंड?"

आजोबांनी फोटो परत घ्यायला हात पुढे केला, आक्कांनी तो सोडला नाही.

"निळ्याचं पांढरं झालं. मग काळ्याचं आनखी काळंच कामून झालं? माझ्या बारीला उलटं का?"

"आक्का, काळं असण्यात काय लाज आहे? आपण..."

"तुझी लाज शाळेत गेली, बापू. लय चांगलं झालं. माझी कोन न्यायची व्हती?"

त्या हे ओरडून म्हणाल्या नाहीत. आवाज नेहमीचाच होता. चहा पूर्ण प्यायल्या, कप विसळून ठेवला आणि शेवटच्या एसटीची वेळ झाली म्हणाल्या. फोटो खुर्चीवर ठेवून गेल्या.

तुम्हाला हे कदाचित कळणार नाही म्हणून सांगते. आक्कांना लग्नाआधी दोन ठिकाणांहून नकार आला होता, रंगावरून. परक्यांकडून नाही, आपल्यातल्याच माणसांकडून. जिथे पडल्या तिथे सासू त्यांना हाक मारायची ती कोळसा म्हणून, आणि त्या ओ द्यायच्या. धर्म बदलला, देव्हारे उठले, पोरं शिकली, पण गोऱ्या सुनेचा हव्यास कोणी सोडला नाही. आजोबांची स्टेजवरची भाषणं मी समोर बसून ऐकली आहेत. टाळ्या वाजवणारे घरी जाऊन काय बोलायचे तेही ऐकलं आहे. आक्कांना ते भाषण कोणी दिलं नव्हतं. त्यांना फक्त फोटो दिला.

आजोबा दोन दिवस जेवले नाहीत. मग त्यांनी तुमच्या बाबांना फोन केला, आणि तुमच्या बाबांनी तिकडून खरी फिल्म पाठवली, सगळे रंग नीट पारखणारी. ती पाठवताना तुम्ही पाकिटावर फुलं काढली होती, आठवतं का? ती फिल्म लाल दिव्यातसुद्धा उघडता येत नाही. आजोबांनी गच्च काळोखात चाचपडत ती चौकटींत भरली आणि पेटी मांडीवर घेऊन एसटीने येलदरीकडच्या त्या गावी गेले. मी बरोबर होते.

आक्कांनी चहा केला. पापड भाजले. आजोबांनी अंगणात तिकाटणं उभं करून कॅमेरा लावला. आक्का त्याच्या बाजूने शेळीला पाला टाकायला गेल्या, बाजूनेच परत आल्या.

"आक्का, बस ना जरा. या वेळी नीट येईल. तुझा रंग आहे तसाच येईल."

"हाय तसाच?" त्या हसल्या. "हाय तसा मला ठाव हाय की. आरसा हाय घरात."

"निळंही निळ्यासारखं येईल. म्हणजे, राखाडी, पण बरोबर राखाडी."

"एकदा काढली ना तसबीर? बास. दुसऱ्या कुनाची काढ."

ऊन अंगणातून भिंतीवर चढेपर्यंत आजोबा बसून होते. आक्का समोरून दहादा गेल्या असतील. मी हळूच म्हणाले, काढा आता एक, त्यांना कळणारही नाही. आजोबांनी मान हलवली. "धरणावर त्या माणसाने तिला न विचारता उभं केलं आणि न विचारता हटवलं. मी न विचारता काढणार नाही."

मला हसावं की रडावं कळेना. ज्या दिवशी विचारायचं होतं त्या दिवशी यांना सुचलं नाही, आणि आता तत्त्व म्हणून विचारत बसले होते. आम्ही कोरी फिल्म घेऊन परत आलो. पावसाळ्यानंतर पुन्हा गेलो, पुन्हा तसंच झालं. आक्का रागावलेल्या नव्हत्या. निघताना त्यांनी तुमच्या आजोबांच्या हातात शेंगांची पिशवी दिली आणि म्हणाल्या, "ती पेटी नको आणत जाऊ, बापू. तू नुसता येत जा."

थंडीत त्यांची छाती भरली. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी आम्ही पोचलो तेव्हा गावाच्या कमानीलाच फ्लेक्स लागला होता. तुम्ही पाहिलात तोच फोटो. गुळगुळीत गोरा चेहरा, गुलाबी ओठ, धारदार नाक, निळंशार जरीचं लुगडं, गळ्यात साखळ्या, मागे डोंगर आणि धबधबा. मांडवात तोच फोटो चौकटीत घालून मेणबत्त्यांमागे ठेवला होता. हनुवटीवर गोंदण नव्हतं.

आजोबांच्या पिशवीत त्यांनी काढलेला फोटो होता, चौकट करून आणलेला. त्यांनी तो पंच्यातून सोडवला आणि त्या मोठ्या फोटोशेजारी टेकवून ठेवला. आक्कांचा मुलगा लगेच आला.

"मामा, ते नका ठेवू तिथं."

"का रे? तुझी आई आहे ती."

"बघा ना. लोक यायलेत. भंतेजी यायलेत. असली काळीठिक्कर... लोक काय म्हनतील?"

"आणि ही?" आजोबांनी मोठ्या फोटोकडे हात केला. "ही कोण आहे? हे नाक तरी तुझ्या आईचं आहे का?"

"नाक तिचं न्हाई मामा. पन तिला आवडलेलं हाय."

"म्हणजे?"

मुलगा माझ्याकडे बघायला लागला. त्याला आता सांगावं लागणार होतं. "आईनं सोता करून घेतलाय हा. तुमी दुसऱ्या बारीला कॅमेरा घेऊन येऊन गेलात ना, त्याच्या फुडल्या बाजाराच्या दिशी मला म्हनली, चल जिंतूरला. आधार कार्डावरचा फोटो दिला आन् स्टुडिओवाल्याच्या मागं खुर्ची टाकून बसली. त्याला म्हने, आनखी गोरं कर. आनखी. गोंदन पुसून टाक. नाक पन तिनंच निवडलं, त्याच्याकडं लय नाकं व्हती. लुगडं तेवढं निळंच पाहिजे म्हनली. आन् मला म्हनली, मामाला सांगू नको."

आजोबांनी आपली चौकट उचलली, पंच्यात गुंडाळली आणि शेवटच्या रांगेत जाऊन बसले. वंदना झाली, फुलं वाहिली गेली. सगळ्यांनी त्या गोऱ्या बाईसमोर हात जोडले. आजोबांनीही जोडले.

मी त्या दिवसापासून चिडलेली आहे, आणि कोणावर ते मला ठरवता येत नाही. स्टुडिओवाल्यावर म्हणावं तर तो गिऱ्हाईक सांगेल ते करतो. आक्कांवर चिडायचा मला अधिकार नाही. जन्मभर जे तोंड लोकांनी त्यांच्या तोंडावर मारलं, ते मरण्याआधी त्यांनी बदलून घेतलं. आजोबांवर मी चिडते. मग ते खिडकीशी बसलेले दिसतात आणि मी स्वयंपाकघरात जाते. त्या दोघांना एकच गोष्ट हवी होती, आक्कांचं तोंड भिंतीवर राहावं. एकाने ते तत्त्वासाठी काळं केलं, दुसरीने ते लाजेपायी गोरं केलं, आणि मधल्या मध्ये खरं तोंड गेलं. सगळे रंग पारखणारी फिल्म तेव्हा आमच्याच पिशवीत होती.

आक्कांचा रंग कसा होता ते मी सांगू शकते, म्हणून सांगते. घरातलं दूध संपत आल्यावर आपण चहा करतो, त्या चहाचा रंग. उन्हात आल्या की त्यात तांबूस झाक यायची, गालांवर जास्त. एक्स-रेच्या फिल्मला नेमकी ती झाक दिसत नव्हती, आणि स्टुडिओतल्या कॉम्प्युटरला ती नको होती.

तुम्ही पाठवलेले बदाम परत घ्या असं मी म्हणत नाही. आक्कांना ते आवडले असते. ती बाई त्यांनी स्वतः निवडली होती, सुंदर म्हणावं म्हणूनच निवडली होती. फक्त तुम्हाला माहीत असावं.

आजोबांनी कॅमेरा देऊन टाकला. देवगाव फाट्यावर एक नवीन हॉटेल झालंय, जुन्या वस्तू मांडलेलं. त्याचा मालक आजोबांचा विद्यार्थी. त्याने मागितला आणि आजोबांनी एका शब्दात हो म्हटलं. मागच्या महिन्यात जालन्याला जाताना आम्ही तिथे चहाला थांबलो. हॉटेलवाल्यांनी भात्यात पिवळा बल्ब घातला आहे आणि दुधी काच दिव्यासारखी पेटते. आजोबा पाठ करून बसले.

आता उरलंय ते असं. गोरा फोटो आक्कांच्या मुलाच्या घरी भिंतीवर आहे. काळा फोटो आणि त्याची निगेटिव्ह माझ्या कपाटात, कागदाच्या पाकिटात आहे. तुम्ही पाठवलेल्या फिल्मचे तुकडे न उघडलेल्या चौकटींत आहेत. ते कोरे आहेत.